मृत्युपत्र सापडत नाही, प्रोबेट लागतं का? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीची पाच दिवसांची सुट्टी संपत आली की तालुक्याच्या गावातल्या वकिलांकडे गर्दी होते. चाकरमानी येतात, बंद घर उघडतात, सातबारा काढतात आणि परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर बसतात. पिशवीत असेसमेंटची (घरपट्टीची) पावती, जुना फेरफार, एखादी फोटोकॉपी असं काहीबाही असतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते एकदाच लिहून ठेवतो. उत्तरं मुख्यतः हिंदू कुटुंबांना धरून आहेत. मुस्लिम कुटुंबांसाठी प्रश्न १७ आणि गोव्याशी संबंध असेल तर प्रश्न १९ पाहा.

१. मृत्युपत्र, इच्छापत्र, विल हे वेगवेगळे कागद आहेत का?

नाही, तिन्ही एकच. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी, किंवा "ही माझीच सही" असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं. स्टॅम्प पेपर लागत नाही, वहीच्या पानावर लिहिलेलंही चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, आणि तो दोन साक्षीदारांची जागाही घेत नाही. बक्षीसपत्र मात्र वेगळं. त्याने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते आणि घर-जमिनीचं असेल तर नोंदणी सक्तीची.

२. प्रोबेट म्हणजे नेमकं काय मिळतं?

कोर्टाच्या शिक्क्याची मृत्युपत्राची प्रत, आणि हे मृत्युपत्र खरं आहे, त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाने ते अमलात आणावं, असा दाखला. व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्रात नाव घालून नेमलेला माणूस, ज्याला सगळे एक्झिक्युटर म्हणतात. प्रोबेट फक्त त्यालाच मिळतं. कोणाला नेमलेलंच नसेल, किंवा नेमलेला वारला असेल, तर ज्याला मिळकत मिळायची तो 'मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र' मागतो. काम तेच, नाव वेगळं.

प्रोबेट कोर्ट मालकी ठरवत नाही, हे पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही. आबांनी स्वतःच्या आंब्याच्या कलमांबरोबर धाकट्या भावाचा वाटाही मृत्युपत्रात घातला असेल, तर प्रोबेट मिळालं म्हणून तो वाटा आबांचा होत नाही. आबांनी हे लिहिलं होतं, एवढंच सिद्ध होतं.

३. मग प्रोबेट घ्यावंच लागतं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं मिळणाराही.

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात केलेलं मृत्युपत्र आणि त्यातली मिळकतही तिथलीच, अशा हिंदू कुटुंबाला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. सक्ती होती ती मुंबईमुळे. उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २१३, कलम ५७ बरोबर वाचलं, तर असं होतं: मृत्युपत्र मुंबई हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत केलेलं असेल, किंवा त्यात त्या हद्दीतली स्थावर मिळकत असेल, तर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. ही हद्द म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं. ठाणे, डोंबिवली, विरार तिच्यात नाहीत. त्यामुळे गिरगावच्या चाळीत बसून गुहागरच्या बागेचं मृत्युपत्र केलं तर प्रोबेट लागे, आणि तेच गुहागरला येऊन केलं तर लागत नसे. मालवणात केलं पण त्यात परळची खोली घातली, तर त्या खोलीसाठी लागे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळलं. ही सक्ती आता कुठेच राहिली नाही. याचा अर्थ प्रोबेट बंद झालं असा नाही. ज्याला हवं तो आजही मागू शकतो. भावंडांत वाद असेल, मिळकत मोठी असेल, मुंबईतला फ्लॅट विकायचा असून घेणाऱ्याचा वकील कागद मागत असेल, तर घेतलेलं बरं. सगळी भावंडं एका विचाराची असतील आणि मिळकत म्हणजे गावचं घर आणि वीस गुंठे, तर मी पक्षकाराला या खर्चात पाडत नाही.

४. वडील गेले. त्यांनी मृत्युपत्र केलं होतं की नाही हेच माहीत नाही. शोधायचं कुठे?

देशभरातल्या मृत्युपत्रांची एकच यादी असते आणि नाव टाकलं की कळतं, असं काही नाही. शोध पायी घ्यावा लागतो.

सुरुवात घरातून. कोकणातल्या घरात कागद कपाटात कमी, इतरत्र जास्त असतात. देवघरातल्या पोथीच्या बासनात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगाच्या आत, तांदळाच्या डब्याच्या तळाशी. एका आजींनी फरसाणाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेलं मृत्युपत्र आणून दिलं होतं. पिशवीमुळे पाऊस लागला नव्हता, पण घडीवर कसर फिरली होती आणि एका साक्षीदाराचं आडनाव अर्धं खाल्लेलं होतं. सापडलेला कागद सापडला तसाच ठेवा. लॅमिनेशन करू नका, पिना काढू नका, फाटलं तिथे चिकटपट्टी लावू नका. पिन काढली की मधलं पान बदलल्याचा संशय समोरचा वकील घेणारच.

घरानंतर माणसं. वडिलांचे वकील, कर भरून देणारे, ज्या डॉक्टरांनी 'शुद्धीवर आहेत' असा दाखला दिला असेल ते, गावातले दोन जुने मित्र. साक्षीदार बहुधा यांच्यातलेच. सही करताना चहा प्यायलेला माणूस ती गोष्ट सहसा विसरत नाही.

मग बँकेचा लॉकर, आणि शेवटी निबंधक कार्यालय (प्रश्न ५ आणि ६). वडील मुंबईत नोकरीला होते तर तिथलीही कार्यालयं बघा. माणूस गावचा म्हणून मृत्युपत्र गावातच केलं असेल असं धरू नका.

५. दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो, ऑनलाइन शोधही घेतला, काही दिसत नाही. म्हणजे नोंदणी झालेली नाही ना?

तसं म्हणता येत नाही. ऑनलाइन शोधात सूची २ दिसते, आणि ती खरेदीखत, गहाणखत अशा स्थावराच्या दस्तांची. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात, पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदतात आणि त्यांची सूचीही वेगळी. म्हणून कार्यालयात "सातबाऱ्यावरचे दस्त बघा" असं न सांगता "पुस्तक ३ मध्ये अमुक नावाने शोध हवा" असा लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला जोडा. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. काउंटरवर "वारस दाखला आणा" म्हणाले तर नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम ५७ नम्रपणे दाखवा.

आणखी एक. मृत्युपत्र जिल्ह्यातल्या कोणत्याही एका ठरावीक कार्यालयातच नोंदवावं असं बंधन नाही. देवगडचा माणूस मुलीकडे चिपळूणला राहत असेल तर नोंद तिथे सापडू शकते.

६. वडील "पाकीट सरकारात ठेवलंय" म्हणायचे. ते काय असावं?

बहुतेक खरंच म्हणत असतील. नोंदणी न करता मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय नोंदणी कायद्यात आहे (कलम ४२ ते ४६). पाकिटावर ठेवणाऱ्याचं नाव असतं, आतला मजकूर कोणी वाचलेला नसतो. मृत्यूनंतर अर्ज केला की अर्जदारासमोर पाकीट उघडतात, मजकूर पुस्तक ३ मध्ये उतरवतात आणि मूळ तिथेच जपून ठेवतात. हे तालुक्याला नसतं, जिल्ह्याला असतं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. तेव्हा त्याआधी ठेवलेलं कुडाळ-मालवणचं पाकीट असेल तर रत्नागिरीलाही चौकशी करा. तसंच जुन्या दस्तावर 'कुलाबा जिल्हा' दिसला तर गोंधळू नका, तो आजचा रायगड.

७. मृत्युपत्र काकांकडे आहे, पण ते दाखवत नाहीत.

आधी लेखी नोटीस. नाहीच मानलं तर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६७ खाली जिल्हा न्यायाधीश त्यांना कागद हजर करायला सांगू शकतात. मृत्युपत्र लबाडीने नष्ट करणं किंवा दडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४३ खाली गंभीर गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. हे काकांना शांतपणे सांगितलं की पुष्कळदा कागद दुसऱ्या दिवशी 'सापडतो'.

८. मूळ हरवलं, फक्त झेरॉक्स आहे. उपयोग होईल का?

होऊ शकतो. मृत्यूनंतर मूळ हरवलं किंवा चुकून नष्ट झालं असेल आणि प्रत किंवा मसुदा शिल्लक असेल, तर त्यावर प्रोबेट मिळतं. प्रतही नसेल तर मजकूर साक्षीपुराव्याने सिद्ध करता येतो, पण ती वाट चढणीची. घोडं अडतं ते इथे: मूळ शेवटपर्यंत करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि सापडत नाही, तर त्यानेच रागाने फाडलं असेल असा तर्क कोर्ट करू शकतं. फाडलं म्हणजे रद्द. म्हणून मूळ शेवटचं कोणाकडे, कधी आणि कोणी पाहिलं, हे आठवेल तितकं आजच लिहून ठेवा.

९. दोन मृत्युपत्रं सापडली. एक रजिस्टर, दुसरं साध्या कागदावर.

तारीख बघा. शेवटचं चालतं. नंतरचं साध्या कागदावरचं असलं तरी ते नीट सिद्ध झालं तर आधीचं रजिस्टर मृत्युपत्र मागे पडतं. 'रजिस्टर म्हणजे भारी' हा समज चुकीचा. दोन्हीतल्या मिळकती वेगवेगळ्या असतील आणि दुसऱ्यात आधीचं रद्द केल्याचं वाक्य नसेल, तर दोन्ही एकत्र वाचली जाऊ शकतात.

१०. दोन्ही साक्षीदार वारले. आता?

एक जरी हयात असेल तरी त्याची साक्ष पुरते, पण ती घ्यावीच लागते. दोघेही नसतील तर एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस आणून काम होतं. ओळखणारा म्हणजे मुलगा, सोसायटीचा जुना सचिव, शाळेतला सहकारी, असा कोणीही. साक्षीदाराच्या सहीचे इतर कागद गोळा करून ठेवा. लाभ मिळणाऱ्यानेच मृत्युपत्र लिहून घेतलं, करणारा अंथरुणाला खिळलेला, सही थरथरती, एका मुलाला काहीच नाही आणि का नाही तेही लिहिलेलं नाही, अशा गोष्टी असतील तर नुसत्या साक्षीने भागत नाही. हा संशय फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते.

११. मृत्युपत्रावरून सातबाऱ्याला नाव कसं लावायचं? तलाठी प्रोबेट मागतात.

मागू शकत नाहीत (प्रश्न ३). मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते देऊन अर्ज करा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी म्हणवतात, पण गावात अजून तलाठीच. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. फेरफार (गाव नमुना ६) ला नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर सुनावणी, आणि पुढे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

फेरफार म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. तो सरकारी वसुलीसाठीचा कागद. मृत्युपत्र खरं की खोटं हा वाद उठला तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो. घराचं नाव ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला वेगळं लावावं लागतं, सातबाऱ्यावर लागलं म्हणून तिथे आपोआप लागत नाही.

१२. सगळ्या भावंडांची वारस नोंद होऊन दोन वर्षं झाली, आता मृत्युपत्र मिळालं.

वारस नोंदीमुळे मृत्युपत्र मरत नाही. सगळ्यांची संमती असेल तर नवीन फेरफार करता येईल. नसेल तर कोर्टाकडून हक्क जाहीर करून घेण्याचा दावा किंवा प्रोबेट. मधल्या काळात कोणी आपला हिस्सा विकला असेल तर घेणाराही प्रकरणात येतो आणि गुंता वाढतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: तेराव्याच्या आधी वारस नोंदीचा अर्ज लिहायला बसू नका, आधी प्रश्न ४ मधला शोध संपवा.

१३. जमीन वडिलोपार्जित आणि सामाईक आहे. वडिलांना मृत्युपत्र करता येत होतं का?

स्वतःच्या हिश्श्यापुरतं, हो (हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६, कलम ३०). सगळ्या जमिनीचं नाही. सातबाऱ्यावर अकरा जणांची नावं आणि हिस्सा लिहिलेला नाही, असे उतारे आपल्याकडे गावोगाव आहेत. तिथे मृत्युपत्र वडिलांच्या न वाटलेल्या हिश्श्यावर चालतं, अमुक आंब्याचं कलम, अमुक कुंपण यावर नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा जन्मतःच आहे, २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने हे पक्कं झालं. बापाच्या मृत्युपत्राने तो जात नाही.

१४. 'इतर हक्कात' कुळकायदा कलम ४३ चा शेरा आहे. ती जमीन पुतण्याला मृत्युपत्राने दिलीय.

थांबा आणि विचारून पुढे जा. ही कूळ म्हणून मिळालेली जमीन, तिच्या हस्तांतरावर बंधनं असतात. गुजरातला लागू असलेल्या याच कायद्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं की मृत्युपत्राने देणं हेही या बंधनात येतं. पुतण्या शेतकरी आहे का, हा पुढचा प्रश्न, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर कुळकायद्याच्याच कलम ६३ ची आडकाठी आहे. महाराष्ट्रात कलम ४३ ची शर्त काही अटींवर शिथिल झाली आहे, ते तहसील कार्यालयात त्या गटापुरतं तपासून घ्या.

१५. बँकेत नॉमिनी मी आहे, मृत्युपत्रात पैसे भावाला. कोणाचं खरं?

बँक पैसे तुम्हाला देईल, पण ते तुम्ही भावासाठी धरलेले असतील. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. सोसायटीतही नॉमिनीच्या नावे सभासदत्व होतं, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. वडिलांची खाती कुठे कुठे होती हेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघा. दहा वर्षं कोणी न मागितलेल्या ठेवी तिथे दिसतात.

१६. प्रोबेटचा अर्ज कुठे, कधीपर्यंत, आणि खर्च?

मृत व्यक्ती जिथे राहत होती किंवा जिथे तिची मिळकत आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात: रत्नागिरी, ओरोस, अलिबाग. अर्जाबरोबर मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची किमतीसह यादी, एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. वारसांची संमतीपत्रं मिळाली तर काम सरळ चालतं. कोणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि मग तारखा. कोर्ट फी मिळकतीच्या किमतीवर असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे, त्यामुळे अपिलासाठी आता मुंबई गाठायला नको. रायगडचं मुंबईलाच.

मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देता येत नाही. वरची मुदत तीन वर्षं, पण ती मृत्यूच्या तारखेपासून मोजायची असं सरसकट नाही. अर्ज करायचा हक्क कधी निर्माण झाला, म्हणजे बहुधा वाद कधी उठला, तिथून. तरी उशीर केला की संशय वाढतो.

१७. आम्ही कोकणी मुस्लिम. आम्हालाही हेच लागू का?

बरंचसं नाही. अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती हवी. सुन्नी कुटुंबात वारसांपैकीच एकाला द्यायचं असेल तरी बाकीच्यांची संमती लागते. तोंडी वसीयतही वैध, फक्त सिद्ध करणं अवघड. नोंदणीच्या शोधाची पद्धत प्रश्न ५ प्रमाणेच.

१८. पणजोबांनी 'ट्रस्ट' केला होता म्हणतात. तो कुठे सापडेल?

कशासाठी केला होता ते आधी विचारा. देऊळ, शाळा, धर्मशाळेसाठी असेल तर तो सार्वजनिक न्यास, आणि धर्मादाय कार्यालयात त्याचा परिशिष्ट १ चा उतारा मिळेल. त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकती असतात. कागदावर विश्वस्त म्हणून अजून पणजोबाच असतील तर बदल अर्ज राहून गेलेत. फक्त कुटुंबासाठी असेल तर तो खासगी न्यास, धर्मादायकडे त्याची नोंद नसते. जमिनीचा खासगी न्यास नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्राने होतो, तेव्हा शोध पुन्हा निबंधक कार्यालयातच. कागद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. मोडीतला 'दत्तक' मी 'दत्ता' असा वाचलेला पाहिलाय, आणि त्यावर दोन पिढ्या भांडलेल्याही.

१९. आजोबा मूळ पेडण्याचे, गोव्यातच राहिले. बांद्याला त्यांची काजूची बाग आहे, ती त्यांनी मृत्युपत्राने एकाच मुलाला दिली. चालेल?

बहुधा पूर्ण नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात अर्धी मिळकत मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेली अर्धी देता येते. त्यातून नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, म्हणजे आजोबांच्या हातात मुळातच अर्धी. बाग महाराष्ट्रात आहे म्हणून सुटका नाही. गोवेकराची मिळकत देशात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्या कायद्याने, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. मृत्युपत्र तिथे विशेष नोटरीसमोर करतात. शोध गोव्यातल्या त्या तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात घ्या, आणि वाटप तिथल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेने, म्हणजे कोर्टात मिळकतीची यादी करून, होतं. तो आदेश हातात आल्यावर बांद्याच्या सातबाऱ्यासाठी प्रश्न ११ प्रमाणे अर्ज करा.